पाणी न धरणारा गालिचा

गालिच्यावर पाणी सांडलं आणि ते आत न मुरता मण्यांसारखं वरच्या वर उभं राहिलं, की बघणारा माणूस हसतो. पुण्यात गिऱ्हाइकाला हसवणं एरवी सोपं नाही. कोटिंगचं काम झालं की आम्ही पेलाभर पाणी मुद्दाम ओतून दाखवायचो, ते मणी फडक्याने टिपायचो आणि खालच्या लोकरीला हात लावायला सांगायचो. लोकर कोरडी असायची. शनिपाराजवळच्या एका गृहस्थांनी हे सगळं शांतपणे पाहिलं, आत गेले आणि वाफाळत्या चहाचा कप घेऊन आले. म्हणाले, "आमच्याकडे पाणी सांडत नाही, चहा सांडतो." मी म्हटलं, थोडा निवू द्या. ते म्हणाले, "सांडणारा निवेपर्यंत थांबत नाही." त्यांनी चहा ओतला, डाग पडला आणि त्यांच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्यासारखं समाधान पसरलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोटिंग गरम पदार्थापुढे टिकत नाही, हे मीच त्यांना आधी सांगायला हवं होतं. त्यानंतर प्रत्येक घरी मी आधी काय होणार नाही ते सांगायला लागलो. त्यामुळे धंदा थोडा कमी झाला, भांडणं बरीच कमी झाली.

मी येरवड्याचा. माझं अर्धंअधिक आयुष्य लोकांच्या घरातले गालिचे धुण्यात गेलं. घरात जागा धरून बसणारी जड वस्तू एवढीच बहुतेकांना गालिच्याची ओळख असते. पण तो उचलून झटकला, की त्या घरात कोण कुठे बसतं, कोण काय खातं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हेसुद्धा कळतं. कोटिंग म्हणजे धुऊन स्वच्छ केलेल्या गालिच्यावर एक औषध फवारायचं, मऊ ब्रशने ते लोकरीच्या लवेत सगळीकडे सारखं बसवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग प्रत्येक धाग्याभोवती एक पातळ थर तयार होतो. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. त्यावर ओलं काही पडलं तर ते लगेच आत शिरत नाही. पुसायला वेळ मिळतो. फायदा इतकाच. डाग पडणारच नाही असं कुणी सांगत असेल तर तो विकायला आलेला आहे.

आता ही फवारणी मी करत नाही. एकदा कॅम्पातल्या एका बंद हॉलमध्ये फवारताना मला अशी धाप लागली की जिन्यात येऊन बसावं लागलं, आणि त्या दिवसापासून छातीत जे काही बसलं ते उठलेलं नाही. तेव्हापासून ज्यांना कोटिंग हवं त्यांचा गालिचा मी आमच्या शेडमध्ये, उघड्यावर नेऊन फवारत असे. पुढे असंही ऐकू यायला लागलं की ही औषधं मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात, जिरत नाहीत. आमच्या शेडचं धुण्याचं पाणी गटारातून नदीलाच जायचं. ते ऐकल्यावर पुढचा डबा आणायचं मन होईना. पण शेवटचा डबा संपला तो ज्या गालिच्यावर, त्याची हकीकत मला सांगायची आहे.

सहकारनगरमधल्या करंदीकर ताईंनी मला बोलावलं तेव्हा त्या सत्तरीला टेकलेल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवत असत. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. मुलगा परदेशात. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या उंबऱ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत एक लांबोडका लाल गालिचा अंथरलेला होता. हाताने गाठी मारलेला, अस्सल लोकरीचा, आणि त्यावर आठ कोनांची फुलं ओळीने, एकामागे एक. अशा नक्षीचे गालिचे मी शेकड्याने धुतले असतील. हा मध्यम प्रतीचा होता, पण नीट सांभाळलेला.

मी वाकून लव तपासत होतो. साहेब बेडरूमच्या दारात येऊन उभे राहिले. पाठ वाकलेली, उजवा हात एका लयीत हलत होता. मी नमस्कार केला. ते काहीतरी पुटपुटले, पण पुढे येईनात. मला वाटलं, मी वाटेत आहे म्हणून थांबलेत, म्हणून मी बाजूला झालो. तरी ते जागचे हलले नाहीत. ताई म्हणाल्या की त्यांना कंपवात आहे. डोकं चाल म्हणतं आणि पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. मग त्या साहेबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "फूल बघा."

साहेबांनी खाली पाहिलं. पाऊल उचललं आणि पहिल्या फुलाच्या मधोमध ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. बाल्कनीतल्या खुर्चीपर्यंत ते असे गेले की मघाशी दारात अडकलेला माणूस हाच, हे खरं वाटू नये.

फिजिओथेरपीसाठी एक मुलगी त्यांच्याकडे यायची. तिने ताईंना समजावलं होतं की या आजारात पायाला समोर काहीतरी ओलांडायचं, गाठायचं दिसलं तर तो उचलला जातो. कोऱ्या फरशीवर असं काही नसतं. गंमत म्हणजे हा गालिचा ताईंनी त्यांच्या पगारातून एका प्रदर्शनात घेतला होता आणि साहेबांना तो कधीच आवडला नव्हता. धूळ धरणारी वस्तू म्हणून ते वर्षानुवर्षं त्याच्या कडेकडेने फरशीवरून जात असत. ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा साहेब बाल्कनीतून ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हळू आवाजात उत्तर दिलं की त्या वेळी फरशी पाय धरून ठेवत नव्हती.

अडचण अशी होती की त्यांच्या हातातून सांडायचं. चहा, आमटी, औषध. कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच लघवी व्हायची. मुलगा फोनवर सांगत होता की गालिचा काढून टाका, प्लास्टिकचं पुसता येणारं काहीतरी घाला. ताईंनी तसं एक आणून पाहिलं होतं, लाकडासारखं दिसणारं. त्यावर साहेब एक पाऊलही टाकेनात. म्हणून त्यांना कोटिंग हवं होतं.

मी सवयीप्रमाणे आधी नाही ते सांगितलं. गरम आमटी आत जाईल. लघवी पुसेपर्यंत थांबेल, पण तशीच राहिली तर मुरेल आणि एकदा खालच्या सुती ताण्यात, म्हणजे विणीच्या उभ्या धाग्यांत, गेली की वास हटणार नाही. जिथे पाय पडतात तिथलं कोटिंग सगळ्यात आधी झिजेल. फार तर काही मिनिटं मिळतील.

ताई म्हणाल्या, "अन्वरभाई, मला तेवढीच मिनिटं हवी आहेत. मी घरातच असते."

गालिचा शेडमध्ये नेऊन धुवायचा, वाळवायचा, फवारायचा, पुन्हा वाळवायचा, त्याला काही दिवस लागणार होते. तेवढे दिवस साहेबांनी चालायचं कशावर? ताईंनी शाळेतल्यासारखा खडू घेतला आणि फरशीवर गालिच्याच्या जागी तेवढ्याच अंतरावर फुलं काढली. गालिचा पोचवायला गेलो तेव्हा मला ती दिसली. साहेबांच्या पावलांनी पुसलेली, पुन्हा गिरवलेली, पुन्हा पुसलेली. ताईंच्या गुडघ्यांवर खडूचे पांढरे ठसे होते. त्यांना खाली बसून उठायला किती त्रास व्हायचा हे मी पाहिलं होतं, म्हणून त्या ठशांकडे मी फार वेळ पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. ताई मधूनच फोन करून सांगायच्या की आज आमटी सांडली, पुसली, गेली. हे सांगायला त्यांना दुसरं कुणी नसावं. दर काही महिन्यांनी मी जायचो, डाग बघायचो, गालिचा न्यायचो आणि त्या खडू काढायच्या. साहेब मला दर वेळी विचारायचे, "झिरपतं का?" मी म्हणायचो, थोडं झिरपतं. ते म्हणायचे, "झिरपत नाही असं धरण मीही बांधलं नाही." हे एवढं वाक्य बोलायला त्यांना आधी बराच दम गोळा करावा लागायचा आणि बोलून झाल्यावर ते माझ्याकडे पाहायचे, मी हसतो का ते बघायला. त्यांचा चेहरा एव्हाना हसू शकत नव्हता. आजाराने चेहरा गोठवला होता. मी हसायचो.

गालिचा वर्षभरात कसा बदलला ते मी माझ्या डोळ्यांनी वाचत होतो. फुलांच्या मधोमध कोटिंग झिजलं, तिथे डाग धरायला लागले. दोन फुलांच्या मधली लोकर मात्र नव्यासारखी. सुरुवातीला फुलागणिक एक डाग होता. नंतर फुलांच्या अलीकडेही डाग दिसायला लागले. म्हणजे पाऊल फुलापर्यंत पोचत नव्हतं. मी हे ताईंना बोललो नाही. त्या रोज बघत होत्या.

मग एका पावसाळ्यात मुलगा आला. शहाणा, सभ्य मुलगा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला की घरात वास आहे. वास होताच. ताईंचं नाक त्याला सरावलं होतं आणि मी बोलायचं टाळत होतो. त्याने मला बाल्कनीत नेऊन सरळ विचारलं की हा गालिचा पुरता स्वच्छ होईल का. मी खरं ते सांगितलं. ओल खालच्या ताण्यात गेली आहे. वर कोटिंग असल्यामुळे धुण्याचं पाणीही नीट आत शिरत नाही, बराच वेळ भिजत घालावं लागेल आणि अशा हवेत तो वाळायला फार दिवस जातील. सुती ताणा कुजायला लागला तर गालिचा तुटून हातात येईल. तो म्हणाला, "मग कशाला करायचं?" ताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कारण बाबा चालतात."

मी गालिचा नेला. भिजवला, धुतला, पुन्हा धुतला. पाऊस थांबत नव्हता. शेडमध्ये पंखे लावले, तो आडव्या बांबूवर टाकून दिवसातून कितीदा तरी उलटला. वरून हाताला कोरडा लागायचा आणि मुठीत धरून दाबला की आत गार. ओल्यावर फवारता येत नाही, थर धरत नाही. ताईंचे फोन यायला लागले. पहिल्यांदा त्यांनी झालं का एवढंच विचारलं. नंतर सांगितलं की खडूच्या फुलांवर ते थांबून राहतात. आणखी काही दिवसांनी म्हणाल्या की आज उठले नाहीत, थोडा ताप आहे, पण तुम्ही घाई करू नका, नीट होऊ द्या.

गालिचा घेऊन मी गेलो तेव्हा बेडरूममध्ये लोखंडी कॉट आली होती, डोक्याकडून वर होणारी. मी आणि मुलाने मिळून गालिचा अंथरला. तो खरोखर चांगला निघाला होता, लाल रंग पहिल्यासारखा वर आला होता. ताईंनी आणि मुलाने दोन्हीकडून धरून साहेबांना कॉटच्या कडेला बसवलं. पाय पहिल्या फुलावर टेकवले. ताई म्हणाल्या, फूल बघा. साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. पाय तिथेच होते. मग ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत, पण मला वाटलं ते नेहमीचंच विचारतायत, म्हणून मी नेहमीचंच उत्तर दिलं.

त्यानंतर ते त्या गालिच्यावरून चालले नाहीत. छातीत कफ होऊन दवाखान्यात गेले आणि तिथेच गेले. मुलाने मला कळवलं. तो म्हणाला की डॉक्टरांच्या मते हे याच सुमाराला व्हायचं होतं, गालिचा घरात असता तरी. त्याने हे स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मला ते पटलं आहे. तरीही ढगाळ दिवशी कुणाचं काम अडलं, ताणा दाबून पाहिला आणि गार लागला, की माझं मन त्या शेडमध्ये जातं.

दिवाळी होऊन गेल्यावर ताईंनी बोलावलं. मुलगा परत गेला होता. गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केलेला होता, दोरीने बांधून. एवढा जड गालिचा त्यांनी एकटीने कसा गुंडाळला असेल कोण जाणे. मला वाटलं, धुऊन हवा असेल. त्या म्हणाल्या, "हा घरातून न्या. मी सारखी खाली बघून चालायला लागले आहे." मग चहा केला. फिजिओथेरपीवाली मुलगी आता लोणी काळभोरला एका पेशंटकडे जाते, त्या माणसाला हाच आजार आहे, त्याचेही पाय अडकतात, तर तिथे पोचवाल का, असं विचारलं. कोटिंग करून द्या, म्हणाल्या, त्यांच्याकडेही सांडत असेल.

माझ्याकडे औषधाचा एक डबा अर्धा शिल्लक होता. दुसरा आणायचा नाही हे ठरलेलं होतं. हवा कोरडी होती, काम मनासारखं झालं. तोंडाला दुहेरी फडकं बांधून मी एकेका फुलावर फवारत गेलो, मधोमध जरा जास्त. पाणी ओतून पाहिलं. मणी उभे राहिले. बघायला मी एकटाच होतो.

लोणी काळभोरचे सोपानराव पूर्वी मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवर पोती वाहून वाहून मान कायमची पुढे आलेली, आणि आता त्यावर हा आजार. घर शहाबादी फरशीचं, सारवल्यासारखं स्वच्छ. त्यांची सून मंगल हिने फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून सगळं समजून घेतलं होतं. आम्ही आतल्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत गालिचा अंथरला. शेजारपाजारच्या चार बाया बघायला आल्या. मंगलने सासऱ्यांना धरून कडेपर्यंत आणलं आणि म्हणाली, "बाबा, फुलावर पाय द्या."

सोपानराव थांबले. मला वाटलं पाय अडकले. पण ते गालिच्याकडे पाहत होते आणि मान हलवत होते. मंगलने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. ते म्हणत होते, पाय धुऊन येतो. पण मोरी पलीकडच्या टोकाला होती, तिथवर चालायचं तर हाच गालिचा ओलांडायला हवा. मंगलने तांब्याभर पाणी आणलं, पाटावर बसवून तिथेच त्यांचे पाय धुतले, भेगांमधून बोट फिरवून, आणि पदराने पुसले. पुन्हा उभं केलं. तरी ते पाऊल टाकेनात.

"एवढ्या भारी जिनसावर पाय कसा देऊ?" ते मला म्हणाले. "हे पाव्हण्याचं हाय."

मी सांगितलं की हे तुमच्यासाठीच आणलंय, यावर माणसं चालण्यासाठीच हे करतात. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याचा माल पाठीवर घेतलेल्या माणसाने त्यावर कधी पाय दिला नव्हता, तो आता काय देणार. ताईंना जाऊन मी काय सांगू याचा विचार करत मी उभा राहिलो.

मंगलने वाकून गालिच्याची कड उचलली आणि खालची बाजू पाहिली. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही तीच नक्षी असते. लव नसते, चमक नसते, रंग मळकट दिसतो, जुन्या गोणपाटासारखा. पण फुलं तीच, अंतर तेच. ती म्हणाली, "भाऊ, उलटा टाकू या की."

मी नाही म्हणणार होतो. केलेलं सगळं काम फरशीकडे जाणार होतं. लव खाली गेली की गालिचा सरकतो, तेही सांगायचं होतं. पण मी दुसरं टोक धरलं आणि आम्ही तो उलटा केला. एका बाजूला खाटेचे पाय ठेवले, दुसऱ्या बाजूला ज्वारीचं भरलेलं पोतं.

सोपानरावांनी त्या मळक्या फुलांकडे पाहिलं, मंगलचा हात सोडला आणि चालायला लागले. मी कडेकडेने बरोबर गेलो, गालिचा सरकतो का, कड दुमडते का ते बघत. सरकला नाही. ते दारापर्यंत गेले, बाहेरच्या उन्हात उभे राहिले. मंगल तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मला थांबवेना, मी टेम्पोत येऊन बसलो.

तिथूनच ताईंना फोन केला. सगळं सांगितलं, उलटा टाकला तेही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी एवढंच विचारलं, "चालले ना?" मी म्हटलं, चालले, दारापर्यंत गेले.

"पहिलं पाऊल कुठलं टाकलं त्यांनी?" ताईंनी विचारलं. "आमचे नेहमी डावं टाकायचे."

मी ते पाहिलं नव्हतं. मी गालिच्याची कड बघत होतो. तसं सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.